डाव्या बाजूची गिटार

मास्क आले आणि मला नीट ऐकू येत नाही हे घरादाराला कळलं. २०२० च्या उन्हाळ्यापर्यंत मी समोरच्याचं निम्मं बोलणं ओठांवरून उचलत होतो. मेडिकलचं दुकान, बँक, सोसायटीचं गेट, सगळीकडे तोंडावर कापड आलं आणि शब्दांमधलं फक्त स्वरांचं माप हाती लागायला लागलं. साठ की आठ, सात की हात, शीला की नीला, काही कळेना. बायको म्हणाली, "अहो, टीव्ही मोठा असतो म्हणून मी किती वर्षं सांगतेय!" मुलगी बंगळूरहून फोनवर बोलायची तेव्हा मी फोन आपसूक उजव्या कानाला धरायचो. तेही तिनंच, व्हिडिओ कॉलवर बघून, दाखवून दिलं.

कानांचा इतिहास थोडक्यात सांगतो. नोकरीची बहुतेक वर्षं भोसरीत, एका प्रेस शॉपमध्ये, धडधडत पत्रा दाबणाऱ्या यंत्रांच्या खात्यात गेली. शनिवार-रविवार मात्र कर्वेनगरात, मित्राच्या पत्र्याच्या शेडमध्ये. कॉलेजपासूनचा आमचा बँड, हार्ड रॉक वाजवायचो, मी ऱ्हिदम गिटारवर, म्हणजे गाण्याचा ठेका धरून ठेवणाऱ्या गिटारवर. ड्रमर माझ्या डाव्या हाताला बसायचा आणि त्याची क्रॅश झांज माझ्या डाव्या कानापासून हातभर अंतरावर. त्या काळात पुण्यात कॅसेटच्या कॉपीची कॉपी फिरायची. एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन हार्ड रॉक बँडच्या एका अल्बमची तशी कॉपी आमच्याकडे होती, तीत सुईच्या खरखरीसकट सगळं उतरलेलं होतं. तीच लावून मी ऱ्हिदम शिकलो. लोक त्यांच्या लीड गिटारिस्टकडे, अँगस यंगकडे बघतात. शाळेचा गणवेश, अर्धी चड्डी, स्टेजभर धावणं. मी त्याच्या थोरल्या भावाकडे, मॅल्कमकडे, बघत आलो. तो मागे ड्रमशेजारी उभा राहायचा, जाड तारा लावायचा, गिटारचा आवाज फार फाटू द्यायचा नाही आणि अख्खा बँड मनगटावर तोलून धरायचा. त्यांच्या बहुतेक रेकॉर्डवर त्याची गिटार डाव्या स्पीकरमधून येते, अँगसची उजव्या. ऱ्हिदम शिकणारी पोरं उजवा स्पीकर बंद करून बसायची.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये बातमी आली की एसी/डीसीचा नवा अल्बम येतोय, 'पॉवर अप', १३ नोव्हेंबरला. माझ्या पिढीतल्या कोणालाही ही बातमी खरी वाटणं कठीण होतं, कारण बँड संपल्यातच जमा होता. २०१४ मध्ये मॅल्कमला स्मृतिभ्रंशामुळे बाहेर पडावं लागलं. त्याच्या जागी त्याचाच पुतण्या स्टीव्ही उभा राहिला. पुढे ड्रमर फिल रड कोर्टकचेऱ्यांत अडकून बँडबाहेर पडला. २०१६ मध्ये डॉक्टरांनी गायक ब्रायन जॉन्सनला सांगितलं की दौरा असाच चालू ठेवलात तर पूर्ण बहिरे व्हाल. उरलेले कार्यक्रम 'गन्स एन' रोझेस' बँडच्या ॲक्सल रोझने गायले. दौरा संपताना बेसवाला क्लिफ विल्यम्सही निवृत्त झाला. २०१७ च्या ऑक्टोबरात मॅल्कम-अँगसचा मोठा भाऊ, त्यांचे सुरुवातीचे अल्बम घडवणारा जॉर्ज गेला आणि महिन्याभरात, १८ नोव्हेंबरला, मॅल्कम. राहिला एकटा अँगस.

आणि तरीही २०१८ मध्ये हीच माणसं व्हँकूव्हरच्या वेअरहाऊस स्टुडिओत जमली. ब्रायन, फिल, क्लिफ, सगळे परत. निर्माता ब्रेंडन ओब्रायन, ज्याने आधीचे दोन अल्बम केले होते. गाणी कुठली? मॅल्कम आणि अँगसने मिळून वर्षानुवर्षं जमवून ठेवलेल्या रिफांमधून, म्हणजे गिटारच्या छोट्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या धुनांमधून, अँगसने निवडलेली. बाराच्या बारा गाण्यांचं श्रेय दोघा भावांच्या नावावर आहे. गेलेल्या भावाबरोबर अख्खा अल्बम लिहायचा, हे मला आजही फार मोठं वाटतं.

अल्बम आला त्या दिवशी दार लावून, चांगला हेडफोन लावून बसलो. बारा गाणी, एक्केचाळीस मिनिटं. ड्रम ऐकू आले, बेस ऐकू आला, ब्रायनचा आवाज आला, अँगसची गिटारही आली. पण मधे पोकळी. स्टीव्ही काय वाजवतोय ते कळेना. डावीकडून एक गुरगुर यायची, तिला काठ नव्हता. तिसऱ्या गाण्याला हेडफोन काढला आणि उलटा घातला, डावा उजव्या कानावर. तर ती गिटार तिथे होती, पूर्ण, पिकच्या, म्हणजे तार छेडायच्या पट्टीच्या, प्रत्येक फटक्यासकट. सुलटा केला, गेली. उलटा केला, आली. रेकॉर्डमध्ये काही कमी नव्हतं, हे त्यानंतर कोणी सांगायला नको होतं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आधी मळ काढला, पडदा बघितला, पडदा ठीक होता. म्हणाले, "नस कमकुवत झालीय. ऑडिओमेट्री करून घ्या." आपल्याकडे सगळ्यालाच 'नस' म्हणतात. प्रत्यक्षात खराब होतात त्या आतल्या कानातल्या केसपेशी. शंखाच्या आकाराचा एक इवलासा अवयव, त्यात दर कानामागे साधारण १५,००० पेशी, आणि माणसात त्या एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाने सगळ्यात आधी मार बसतो तो ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या पेशींना.

ऑडिओमेट्रीची खोली म्हणजे जाड दाराचं, आतून फोम लावलेलं कपाट. हेडफोन लावून बसायचं, हातात बटण. बारीक 'टूं' ऐकू आली की दाबायचं. सुरुवातीचे जाड सूर झटझट दाबले. मग सूर चढत गेले आणि बराच वेळ काहीच आलं नाही. काचेपलीकडे ऑडिओलॉजिस्टचा हात मात्र यंत्रावर चालू दिसत होता. म्हणजे आवाज चालू होता. त्या शांततेत बसणं मला जड गेलं, खोटं कशाला बोलू.

कागद हातात आला. आडव्या रेघेवर सूर, डावीकडे जाड, उजवीकडे बारीक. उभ्या रेघेवर डेसिबल, वरून खाली; खूण जितकी खाली, तितकं कमी ऐकू येतं. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळ्या फुल्या म्हणजे डावा. १,००० हर्ट्झपर्यंत दोन्ही रेघा जवळजवळ सपाट, वीस डेसिबलच्या आतच. मग घसरण. ४,००० ला उजवा पन्नासवर, डावा पासष्टवर, आणि ८,००० ला दोन्ही पुन्हा थोड्या वर आलेल्या. खाचेसारखा हा खड्डा म्हणजे आवाजाच्या माऱ्याची खूण. नुसत्या वयाने जाते ती रेघ शेवटपर्यंत खाली घसरत राहते, वर येत नाही. माझे स, श, फ, थ त्या खड्ड्यात होते, आणि स्टीव्हीच्या पिकचा फटकाही तिथेच.

हिशोबही साधा आहे. ८५ डेसिबलमध्ये आठ तास, ही कानाची दिवसाची मर्यादा धरतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, १०० ला पंधरा मिनिटं. पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही संध्याकाळभर वाजवायचो. ब्रायन जॉन्सनचंही असंच, एकट्या संगीताने झालेलं नाही. त्याला मोटार शर्यतींचा नाद, आणि एका शर्यतीत कानात बोळे न घालता गाडी चालवल्याने पडद्याला इजा झाली असं त्यानं स्वतः सांगितलंय. माझ्या बाबतीत प्रेस शॉपचा वाटा किती आणि झांजेचा किती, हे कागद सांगत नाही.

कानाच्या मशीनसाठी पहिल्या दुकानात गेलो तो अनुभव लवकर उरकतो. कागद न बघताच कानाच्या आत जाणारं, "कोणाला दिसणारही नाही" असं मशीन समोर ठेवलं गेलं. घरी नेऊन बघता येईल का विचारलं, तर नाही. संगीतासाठी काही वेगळं करता येतं का विचारलं, तर "सगळ्यात महाग मॉडेलमध्ये सगळं येतं". तिथली मशीनं वीस हजारांपासून काही लाखांपर्यंत होती आणि त्यांच्यावर जीएसटी नाही, एवढी माहिती घेऊन बाहेर पडलो.

बासरीवादक शेजाऱ्यांनी सहकारनगरमधलं एक छोटं क्लिनिक सुचवलं. तिथली ऑडिओलॉजिस्ट माझ्या मुलीच्या वयाची. तिचा पहिला प्रश्न, "काका, तुम्हाला काय ऐकायचंय?" मी हेडफोन उलटा घातल्याची गोष्ट सांगितली. तिनं ती लिहून घेतली. मग अल्बमचं नाव विचारून तेही लिहून घेतलं.

कानामागे बसणारं मशीन निवडलं. बारीक तार कानात उतरते, टोकाला सिलिकॉनची मऊ टोपी. ट्रायल घरी. त्याआधी क्लिनिकात तिनं मशीन लावून कॉम्प्युटरला जोडलं, कानात पडद्याजवळपर्यंत एक केसासारखी नळी सरकवली आणि मशीनचा आवाज खुद्द माझ्या कानात किती पोचतोय ते मोजलं. हे मोजमाप पुष्कळ ठिकाणी होतच नाही. कंपनीच्या सॉफ्टवेअरने सुचवलेला आकडा तसाच ठेवून देतात. ज्यांना मशीन घ्यायचंय त्यांनी हे मोजणार का, असं आधी विचारावं, असं मी कळकळीनं सांगेन.

मशीन चालू झालं आणि तिच्या कीबोर्डचा खडखडाट अंगावर आला. रस्त्यावर रिक्षाची ब्रेकची किंकाळी. घरी प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज सहन होईना. स्वतःचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा. पण बायको स्वयंपाकघरातून, पाठमोरी, काहीतरी म्हणाली आणि मी उत्तर दिलं. ती लाटणं हातात घेऊन बाहेर आली आणि बघतच राहिली. मास्कचा त्रास मात्र झाला. मास्कचं इलॅस्टिक, चष्म्याची काडी आणि मशीन, तिघं एकाच कानामागे. मास्क काढताना मशीन उडून फरशीवर पडायचं. शेवटी मागून बांधायच्या नाडीचे मास्क शिवून घेतले.

बोलणं आठवड्या-दोन आठवड्यांत जागेवर यायला लागलं. संगीत येईना. उलट बिघडलं. 'पॉवर अप' लावला तर झांजा भाजलेल्या पापडासारख्या चुरचुरत होत्या, आणि अँगस जिथे सूर लांबवतो तिथे तो सूर थरथरायचा, पाण्यातून आल्यासारखा. जोराचं आणि हळूचं एकाच पातळीवर. मी मशीन काढून ठेवलं की गाणं कमी ऐकू यायचं पण गाण्यासारखं तरी यायचं.

पुढच्या वेळी गिटार आणि छोटा ॲम्प घेऊन क्लिनिकात गेलो. ती म्हणालीच होती, "काका, घेऊन या, कानानेच बघू." पहिल्या तारेवर बाराव्या फ्रेटला सूर धरला. दोन क्षण सरळ, मग थरथर. तिनं कारण सांगितलं. मशीनला शीळ घालायची खोड असते, कानातला आवाज बाहेर निसटून पुन्हा माईकमध्ये शिरतो. ती शीळ मारायला आत एक यंत्रणा बसवलेली असते, ती लांबलेला एकसुरी आवाज शोधते आणि त्याला उलटी लाट पाठवते. आता गिटारचा लांबवलेला सूर म्हणजे तिच्या हिशोबी शीळच. बिचारी इमानानं तो मारत होती. बासरी, सनई, तानपुरा, सगळ्यांची हीच तक्रार येते म्हणाली.

जोराचं-हळूचं एक होण्यामागेही कारण होतं, आणि ते मला पटलं. माझ्यासारख्या कानाला हळू आवाज ऐकूच येत नाही, पण मोठा आवाज इतरांइतकाच मोठा लागतो. मधली जागा आक्रसलेली असते. म्हणून मशीन हळू आवाज खूप वाढवतं, मोठा थोडाच. बोलण्याला हे योग्यच. पण हार्ड रॉकमध्ये ड्रमच्या फटक्याआधीची पोकळी हाच तर जीव. फिल रड जे वाजवत नाही त्यातच त्याचं अर्धं वादन असतं, आणि मशीन ती पोकळी भरून टाकत होतं.

तिसरी गोष्ट झांजांची. मशीनच्या माईकपुढे येणारा आवाज एका मर्यादेपर्यंतच आत धड शिरतो. माणसाचं बोलणं ६५ डेसिबलच्या आसपास, ओरडलं तरी मर्यादेत. बँडची शिखरं १०० च्या वर जातात. ती दारातच चेपली जातात, आणि दारात चेपलेलं आत कितीही दुरुस्त केलं तरी सुधारत नाही. कॅनडातले ऑडिओलॉजिस्ट मार्शल चेसिन आयुष्यभर संगीतकारांच्या कानांवर काम करत आले आहेत. त्यांचा यावरचा एक उपाय तिनं करून दाखवला: मशीनच्या माईकवर साध्या चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. आत जाणारा आवाज सुमारे दहा डेसिबलने उतरतो आणि शिखरं दारातून सुखरूप जातात. कात्रीने नखाएवढे दोन तुकडे कापले, चिमट्याने लावले. मी ॲम्पवर ई कॉर्ड मारला. चुरचुर गेली. इतक्या महागाच्या यंत्राला चिकटपट्टीने वळण लागताना पाहिलं.

पुढच्या भेटींमध्ये आम्ही एक वेगळा प्रोग्रॅम उभा केला, मशीनवरचं बटण दाबलं की लागणारा. गोंगाट कमी करणारी यंत्रणा बंद. समोरचाच आवाज पकडणारा माईक बंद, चोहोबाजूंचं येऊ दे. शीळ मारणारी यंत्रणा अगदी मंद, आणि त्यासाठी डाव्या कानाला मऊ टोपीऐवजी मापाचा साचा. जोराचं-हळूचं यातला फरक जितका राखता येईल तितका राखलेला. दर वेळी घरी जाऊन तोच अल्बम ऐकायचो, वहीत लिहायचो: दुसऱ्या गाण्यात हायहॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) पातळ, चौथ्यात आवाज नाकात, सातव्यात बेस फुगलेला. ती वही बघून आकडे हलवायची. एका अल्बमवर इतका वेळ मी विशीतही दिला नव्हता.

याच दिवसांत ब्रायनची मुलाखत वाचनात आली. स्टीफन अँब्रोज म्हणून एक गृहस्थ आहेत, गायकांच्या कानातल्या मॉनिटरचे, म्हणजे स्टेजवर आपलं गाणं ऐकू यावं म्हणून कानात घालायच्या छोट्या स्पीकरचे आद्य संशोधक. ब्रायनने गाणं सोडल्याचं कळल्यावर त्यांनी आपण होऊन त्याला गाठलं. त्यांनी आणलेलं पहिलं यंत्र मोटारीच्या बॅटरीएवढं होतं म्हणे. पुढे ते लहान करत करत कानात मावेल इतकं केलं, आणि त्याच्या जोरावर तो पुन्हा बँडसमोर उभा राहिला. नोव्हेंबर २०२० मध्ये तो ७३ वर्षांचा होता. त्याची परिस्थिती, पैसा, माणसं माझ्याहून फार वेगळी. पण ऐकू येईना म्हणून घरी बसलेला एक माणूस, आणि त्याच्याबरोबर आकडे हलवत बसणारा दुसरा, हे चित्र मला ओळखीचं होतं. त्यानंतर अल्बममधला त्याचा आवाज मी वेगळ्या कानाने ऐकू लागलो. पूर्वीची किंकाळी आता तितकी उंच जात नाही, ती जागा मागच्या कोरसने भरलीय, आणि तो ओळीच्या शेवटी श्वास जपून वापरतो. मला हे आवडलं.

अल्बमबद्दल माझं मत मागाल तर, बाराही गाणी सारख्या वजनाची नाहीत. शेवटची तीन-चार एकमेकांत मिसळतात. नवं काही करायचा त्यांचा इरादाच नव्हता, आणि नसावाच. पण चौथं गाणं, 'थ्रू द मिस्ट्स ऑफ टाइम', यातली चाल एसी/डीसीच्या मानाने बरीच हळवी आहे, आणि मॅल्कमचं नाव न घेता ते त्याच्याबद्दल आहे असं मला वाटतं. आणि पूर्ण अल्बमभर स्टीव्ही काकाची जागा चालवतो. स्वतःची करामत कुठे घुसडत नाही. हे मी आता छातीठोकपणे लिहू शकतो, कारण आता डाव्या कानानं ते ऐकलंय. पिकचा फटका पूर्वी येत असे तसा नाही, थोडा कोरडा येतो. ४,००० च्या वरचं बरंचसं मशीनसुद्धा परत देऊ शकत नाही, आणि झांजेची लांबत जाणारी शेपटी माझ्यासाठी गेली ती गेलीच. पण गिटारला काठ आला. डाऊनस्ट्रोक कुठे आणि अपस्ट्रोक कुठे हे कळतं. हेडफोन सुलटा घालतो.

बँडचे आम्ही चौघं आता महिन्यातून एखाद्या रविवारी भेटतो. सगळ्यांनी संगीतकारांचे इअरप्लग करून घेतले. कानाचा साचा घेऊन बनवतात, आत बदलता येणारा फिल्टर, सगळे सूर सारखेच पंधरा डेसिबलने खाली. कापसाच्या बोळ्याने वरचे सूर जातात आणि खालचे राहतात, तसं यात होत नाही. माझा भाचा ढोल-ताशा पथकात आहे. गणपतीआधी नदीपात्रात त्यांचा सराव रोज संध्याकाळी चालतो, आणि ताशाच्या शेजारी उभं राहणं हे क्रॅश झांजेशेजारी उभं राहण्यापेक्षा बरं नाही. त्याला पहिला जोड मी दिला. आधी त्यानं घातला नाही. मग मी माझा ऑडिओमेट्रीचा कागद त्याला दाखवला, निळ्या फुल्यांचा खड्डा बोटाने दाखवला. या वर्षी त्याच्या रांगेतल्या आणखी काही पोरांनी साचे दिलेत.

आमच्या ड्रमरच्या कानात गेली कित्येक वर्षं रातकिड्यांसारखा आवाज चालू असतो. तो म्हणायचा, वय झालं, चालायचंच. गेल्या महिन्यात त्याला मीच क्लिनिकात नेलं. त्याचाही खड्डा ४,००० वरच निघाला. मशीनची ट्रायल येत्या शनिवारी आहे, आणि ऑडिओलॉजिस्टने त्याला स्टिक्स, सरावाचं पॅड आणि त्याच्या आवडीचा एक अल्बम बरोबर आणायला सांगितलंय. त्यानं फोन करून मला विचारलं, कुठला नेऊ. मी त्याला 'पॉवर अप'मधली पहिली दोन गाणी ऐकवली, तर तो तिसरंही लाव म्हणाला.